कुठं म्हणून विचारलं नाही

अगं, ये, अशी जवळ बस. आणि तो फोन ठेव बाजूला. त्यावर सारखं "आजी, आय ॲम गोइंग टू कम" म्हणतेस आणि उगवतेस चार महिन्यांनी! ते वाक्य मला ऐकवत नाही गं. का, ते आज सांगते.

आमच्या मुर्धा गावात घरातून निघालेल्या माणसाला "कुठं?" विचारायचं नाही, असा नेम. कुणी विचारलंच, तर त्यानं परत घरात येऊन टेकायचं, दोन घोट पाणी प्यायचं, मगच निघायचं. आई तर मनातला बेतही बोलू द्यायची नाही. "बोललं की नाट लागतो," म्हणायची.

दादा मिठागरावर कामाला. इंग्रजीचं एक फाटकं पुस्तक त्याला कुठूनसं मिळालं होतं. संध्याकाळी बांधावर बसून मला शिकवायचा. मी अकरा-बारा वर्षांची, शाळा सुटलेली. "इंग्रजीत बोललं तर आयेला कळत न्हाय, नाट पण लागत न्हाय," म्हणून हसायचा. मग रोज एकेक बेत. मी म्हणायची, आय ॲम गोइंग टू ईट मँगो. "खादाड! दुसरं काय सुचतं का तुला?"

लढाईचे दिवस होते. एका संध्याकाळी तो म्हणाला, "आय ॲम गोइंग टू जॉइन अ शिप." मी अडखळले. त्यानं तीनदा म्हणवून घेतलं, शाबासकी म्हणून चिंच दिली. "कळलं ना? उद्या बोटीवर चाललोय. आयेला सांगू नको, रडंल." मी मान डोलावली. मला वाक्य आलं याचाच आनंद!

सकाळी मिठागराच्या मळक्या सदऱ्याखाली धुतलेल्या सदऱ्याची कॉलर दिसत होती. कामावरच चाललाय समजून आईनं भाकरी बांधून दिली. "येतो," म्हणाला. "कुठं?" माझ्या अगदी ओठावर आलं होतं. विचारलं असतं तर परत येऊन टेकला असता, आईची नजर कॉलरवर गेली असती. मी मुठीतला चिंचोका घट्ट धरून उभी राहिले.

पावसाळ्यानंतर कागद आला. बोट बुडाली होती. मास्तरांनी वाचून दाखवल्यावर आई माझ्याकडे वळली. "तुला काय बोललेला का गं?"

"न्हाय."

तिचे डोळे मिटेपर्यंत मी न्हायच म्हणत राहिले.

शेवटच्या वर्षांत आई दारात बसून जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "कुठं चाललास रं?" लोक चिडायचे, पण आत येऊन पाणी पिऊन जायचे. तांब्या मी भरून ठेवायची.

म्हणून तू बेत सांगू नकोस बाई. नुसती ये. येत्या रविवारीच ये.