रेझिनच्या भट्टीचं झाकण

गाव सोडलं त्या सकाळी अण्णांनी चाक फिरवायची काठी माझ्या पाठीवर मोडली. चूक माझीच. बॅग भरता भरता मी अक्कल पाजळली होती, "चाकणला मातीशिवाय सिरॅमिक करतात, रेझिनपासून. तुमच्या आव्यात भाजलेल्या मडक्यांना आता कोण विचारतं?" काठी संपल्यावर अण्णांनी अंगणात वाळत घातलेले माठ लाथेनं फोडले. मध्ये पडलेल्या आईलाही ढकललं. मी ताठ मानेनं निघालो आणि फाट्यापर्यंत हुंदके देत चाललो. गावकऱ्यांनो, तुमच्यापैकी ज्यांनी पाहिलं त्यांनी ते गावभर केलं नाही, उपकार आहेत.

इथं चाकणच्या कारखान्यात मला रोकडेमामा या जुन्या कामगाराच्या हाताखाली दिलं. मामा मूळचे इथलेच. ज्या रानात त्यांनी कांदे काढले, तिथंच आमची शेड. पहिल्या दिवशीच म्हणाले, "रेझिन साच्यात घट्ट झालं की भट्टीत जातं. त्यातनं पेटणारा वायू निघतो, मागं सिरॅमिक ऱ्हातं. आत आरगॉन, न पेटणारा वायू, सोडलेला आसतो. हवा शिरली तर आपून उरायचो न्हाई. कळलं का?" पोलाद वितळतं तिथं टिकणारी बर्नरची तोंडं आम्ही बनवायचो. मी मान हलवली. मान हलवण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

पण आपल्या कुंभारांच्या घरात आगीचा रंग डोळ्यांनी पाहायची खोड. गावी आव्यावरचं एखादं खापर सरकवून आपण डोकावतोच की. मामा चहाला गेले. स्क्रीनवर तापमान दिसत होतं, पण आकड्यावर विसंबेल तो कुंभार कसला? मी पाना घेऊन तपासणीच्या झाकणाचे बोल्ट सैल केले. फुस्स आवाज आला. चहाचे कप घेऊन दारात आलेले मामा ते टाकून धावले, कॉलर धरून मला मागं भिरकावलं, आणि भट्टी उडाली. झाकण त्यांच्या उजव्या हातावर आदळलं. हाड बाहेर आलं, कोपरापर्यंत कातडी सोलून निघाली. माझ्या फक्त भुवया जळाल्या.

चौकशीत मी म्हणालो, "बोल्ट आपोआप सैल झाले." साहेबांनी ठरवलं, मामांनी ते नीट आवळले नव्हते, त्यांना कामावरून काढायचं. दोन दिवस मी गप्प बसलो. त्या दोन दिवसांवर मला विनोद सुचत नाही. तिसऱ्या दिवशी खरं ओकलो. मामांची नोकरी वाचली, माझी गेली. त्यांच्या थोरल्या मुलानं मला गेटवर तुडवलं. एक दात तिथंच कुठंतरी असेल.

दवाखान्यात गेलो, तर मामांनी डाव्या हातानं थोबाडीत दिली. "खरं बोलाया दोन दिस लागलं व्हय रं?" मग म्हणाले, "आता जेवाया कोण भरवनार? घरी चल."

आता मी त्यांच्याच माळ्यावरच्या खोलीत राहतो. पिंपरीत काम मिळालंय, भट्टी नसलेलं. मामांचा हात अजून वळत नाही. घास मोठा झाला की ते शिवी देतात, लहान झाला तरी देतात. थोरला माझ्याशी बोलत नाही, फक्त ताट आदळतो. खरं तर या दारात पाऊल टाकायची मला भीती वाटायला हवी. तरी शिफ्ट सुटली की पाय इकडंच वळतात.