ढगाच्या फोटोसाठी

परदेशातली दुर्बीण तासाभरासाठी भाड्यानं घेऊन मला मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचा फोटो काढायचा होता. तिकडे रात्र, इकडे सकाळ. मोबाइलवरून वेळेत होकार दिला नाही, तर तास रद्द. बाकी सगळं जमलं होतं. दर्यापूर-अकोला जीपमध्ये नेट मात्र गेलं.

माझी धडपड पाहून आणि एका फोटोसाठी नेट हवंय हे ऐकून शेजारच्या बाईनं आपल्या फोनचं हॉटस्पॉट सुरू केलं.

"कशाचा फोटो?"

"तेजोमेघाचा. म्हणजे आकाशातला चमकणारा ढग. दुर्बिणीवर आपले साधे ढग आले नाहीत म्हणजे मिळवलं."

"काहून वो ताई, ढगाचाच फोटो अन् ढगाचीच भीती?"

सगळी जीप हसली. मीही हसले.

होकार गेला. फोटो येईपर्यंत ती पदरानं माझ्या फोनवरचं ऊन अडवून बसली. अखेर धूसर गुलाबी ढग उमटला. "बरा निघाला," म्हणत तिनं जीप थांबवली.

ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तुमचा फाटा तं कवाच मागं गेला!"

"मालूम हाय. उतरली असती तं ताईचं नेट तुटलं असतं."

पिशवी सावरत ती आल्या रस्त्यानं परत चालू लागली.

फोटो आता माझ्या भिंतीवर आहे. कोणी काढला विचारलं, की मी सांगते, आम्ही दोघींनी.