पायलच्या सापळ्यातलं शून्य

"आठवडाभर शून्य कसं येईल, पायल?" मी वही तिच्यापुढे सरकवली. "बाकीच्या पाच जणांना रोज दहा-बारा पतंग मिळताहेत. तुझ्याच वावरात बोंडअळी सुट्टीवर आहे का?"

"मॅडम, मी दोनदा मोजलं. सापळ्यात पतंग आहेत, पण बोंडअळीचे नाहीत. म्हणून शून्य लिहिलं."

मी आर्णीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. आमच्याकडे प्रत्येक प्राध्यापकाला मेंटॉर म्हणून काही विद्यार्थी वाटून दिलेले असतात. त्यांची हजेरी, अडचणी, पुढे काय करायचं, हे सगळं बघायचं अशी कल्पना. पायल तीन वर्षं माझ्या यादीत होती. तांड्यावरून एसटीने यायची, मागच्या बाकावर बसायची, पोलीस भरतीची तयारी करायची. यापलीकडे मला तिच्याबद्दल काही माहीत नव्हतं, हे लिहिताना लाज वाटते.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट साधा होता. गुलाबी बोंडअळी कपाशीच्या बोंडात शिरून आतली सरकी खाते. तिचे पतंग किती उडताहेत हे कळावं म्हणून शेतात सापळा लावतात. एक नरसाळं, त्याच्या खाली प्लॅस्टिकची पिशवी आणि वर ल्यूर. ल्यूर म्हणजे रबराची बारकी टोपी, तिला मादी पतंगाचा वास लावलेला असतो. नर वासावर येतो आणि पिशवीत पडतो. प्रत्येक किडीचा वास वेगळा, म्हणून ल्यूरही वेगळी. प्रोजेक्टच्या सहाही जणांना त्या मीच दिल्या होत्या. रोज सकाळी मोजायचं, तक्ता भरायचा, शेवटी माझी सही. सही नसेल तर प्रॅक्टिकलला बसता येत नाही आणि वर्ष जातं.

मला वाटलं, ही शेतात जातच नसेल. तसं बोलूनही दाखवलं. "पळायला वेळ मिळतो, सापळा बघायला मिळत नाही का?"

तिने पिशवीतून श्रीखंडाचा डबा काढला. आत कापसावर ओळीने मांडलेले तपकिरी पतंग होते, पंखांवर पांढऱ्या रेषा. बोंडअळीचा पतंग नखाएवढा आणि मळकट करडा असतो. हे चांगले दुपटीने मोठे होते.

"म्हणजे तुमच्या कपाशीवर बोंडअळी नाहीच."

"आहे ना, मॅडम. वीस बोंडं फोडली, सातात अळी निघाली. मलेच समजून नाही राह्यलं."

समजत मलाही नव्हतं. बोंडात अळी आहे म्हणजे शेतात पतंग हवाच. मग सापळ्यात का नाही? आणि बाकीच्या पाच जणांना कसा मिळतो? डोकं चालेना तेव्हा माणूस बहुमताच्या बाजूने जातो, तशी मीही गेले. सापळ्याची जागा चुकली असेल, असं ठोकून दिलं आणि आकडे सुधारल्याशिवाय सही नाही म्हणून सांगितलं.

चार-पाच दिवसांनी ती वडिलांना घेऊनच आली.

"मॅडम, सही देऊन टाका न," ते म्हणाले. "भरतीचं ग्राउंड तोंडावर आलं अन् हे पोरगी वावरात पाखरं मोजून राह्यली."

"बा, थांब जरा," पायल म्हणाली आणि वही उघडली. शेजारच्या काकांच्या शेतातही सापळा होता, त्याची ल्यूर कृषी केंद्रातून आणलेली. त्यात बारके करडे पतंग पडत होते.

"मी आमची अन् काकाची ल्यूर अदलाबदल केली."

"आणि सापळे?"

"ते नाही हलवले. जागा तीच, सापळा तोच. दोन दिवस तसं ठेवलं. करडे पतंग आमच्याकडे पडले अन् तपकिरी काकाकडे. मग ल्यूर परत बदलल्या, तं पुन्हा पहिल्यासारखं. मॅडम, जागेचं काही नाही. तुम्ही दिलेली ल्यूरच दुसरी आहे."

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देते. ते कोणी शेतात जाऊन करील अशी माझी अपेक्षा नव्हती. मी तशीच लॅबमधल्या फ्रिजकडे गेले. बरणीत बोंडअळीच्या ल्यूर होत्या. त्यांतच आदल्या वर्षी सोयाबीनवरच्या पानं खाणाऱ्या अळीसाठी आणलेल्या उरल्या होत्या, आणि बरणीत मावाव्यात म्हणून दोन्हींची वेष्टनं मी माझ्या हाताने काढली होती. सहाही जणांना मी सोयाबीनवाल्याच वाटल्या होत्या.

बाकीच्या पाच जणांना बोलावलं. दोघं म्हणाले, "मॅडम, पतंग म्हणजे पतंग न." तिघं शेतात गेलेच नव्हते.

बरणी घेऊन प्राचार्यांकडे गेले.

"तक्ते तर छान आहेत, मॅडम."

"सर, पाचही चुकीचे आहेत."

"मग बरोबर कोणता?"

"शून्यवाला."

चष्मा काढून पुसत ते म्हणाले, "तुम्हीच बघा काय करायचं ते."

परत आले तेव्हा बापलेक लॅबमध्येच बसून होते. मी पायलची माफी मागितली आणि सही केली. तिने वही बंद केली, पण उठली नाही.

"मॅडम, असं शोधत बसायची नोकरी राहते काय?"

"राहते," मी म्हणाले.

"त्याची जाहिरात कुठं येते?" वडिलांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. तीन वर्षं मेंटॉर असून मला ते सांगता आलं नाही. एका कृषी संशोधन केंद्रात काम करणाऱ्या वर्गमैत्रिणीला त्यांच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. पायल तिच्याशी अर्धा तास बोलली. मी नुसती ऐकत होते, बरंचसं मलाही नवीन होतं.

पायल आता अमरावतीला एम.एस्सी. करते आहे, कीटकांवरच. ग्राउंडला, म्हणजे भरतीच्या मैदानी चाचणीत, ती पास झाली होती, लेखी परीक्षेला गेली नाही. तिचे वडील बसस्टँडवर भेटले की म्हणतात, "मॅडम, पोरगी अजून शिकूनच राह्यली." ते कौतुकाने म्हणतात की तक्रारीने, मला कळत नाही. मी चहा घ्या म्हणते.

विद्यार्थ्याच्या यशात मेंटॉरचा वाटा किती, असं कोणी विचारलं की मी गोंधळते. कारण त्या वर्षी मी बरोबर ल्यूर वाटल्या असत्या, तर सहाही तक्ते सारखे दिसले असते. मी सगळ्यांवर सही केली असती, आणि पायल माझ्या यादीतून पास होऊन निघून गेली असती.