दादाचा खालचा सूर

मे महिन्यातल्या नागपुरात बंद गाडीच्या मागच्या सीटवर रेकॉर्ड दोन तास ठेवली तर तिचं काय होतं, हे मला या वर्षी कळलं. पापड होतो. तळलेला नव्हे, वाळत घातलेला. कडा वर आलेल्या, मधे पोट. मी कुलरसाठी खस आणायला गेलो होतो. दुकानात हल्लीच्या खसला पूर्वीसारखा वास कसा राहिला नाही यावर मी भाषण देत होतो, आणि बाहेर गाडीत रेकॉर्ड वाकत होती.

ती रेकॉर्ड मी दादासाठी मागवली होती. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ. मागवली तेव्हाच बायकोनं विचारलं होतं, "वाजवणार कशावर?" कारण रेकॉर्ड वाजवायचं यंत्र ना माझ्याकडे, ना दादाकडे. "भेट आहे ती, वाजवायला थोडीच आहे," असं मी तेव्हा ऐटीत म्हणालो होतो. आता ते अगदी खरं ठरलं.

दादाच्या घशात गाठ निघाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी रामदासपेठेतल्या दवाखान्यात ती काढायची होती, म्हणून तो खापरखेड्याहून आमच्या मनीषनगरच्या घरी मुक्कामाला आला होता. गाठ निघेल, पण आवाज पहिल्यासारखा येईलच असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. दादानं हे मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी मात्र सकाळपासून तिसऱ्यांदा त्याची फाईल लावत होतो. रिपोर्ट वर, एक्स-रे खाली. मग एक्स-रे वर.

"बस नं गा एका जागी," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "ऑपरेशन माझं आहे का तुझं?"

मी वाकलेली रेकॉर्ड त्याच्या हातात दिली. त्यानं ती कव्हरातून काढली, डोळ्यांसमोर आडवी धरली आणि हसता हसता खोकला. "काय केलं बे हे?"

आमचे वडील खापरखेड्याच्या वीज केंद्रात होते. कॉलनीतल्या एका इंजिनीयरच्या मुलाकडून दादानं या रेकॉर्डवरच्याच गाण्यांची कॅसेट आणली, तेव्हा मी आठवीत होतो. गाणारे परदेशी. सगळे आधीच आपापल्या जागी गाजलेले, प्रत्येकाचा तोरा वेगळा, आपसांत भांडणारे. पण तोंड उघडलं की, एकाच वेळी प्रत्येकाचा सूर वेगळा असूनही, असे एकत्र लागायचे की कोणता आवाज कोणाचा ते कळायचं नाही. आम्ही तिघं ते गायचा प्रयत्न करायचो. दादा खालचा सूर धरायचा, इंजिनीयरचा मुलगा वरचा. मधला माझ्या वाट्याला, कारण मी लहान. सूर मिळवायला पेटी नव्हती. केंद्राची घरघर रात्रंदिवस चालायची, तिच्यावरूनच लावायचो. आमचा तानपुरा सरकारी होता.

मधला सूर धरणं म्हणजे शेजारच्या घरी लग्नाचा बँड वाजत असताना आपण गणितं सोडवणं. आपल्याकडे एक जण ओळ सांगतो आणि बाकीचे त्याच्यामागे जातात; भजनात, आरतीत, सगळीकडे हेच. माझा कान त्यातच वाढलेला. दुसऱ्या ओळीपर्यंत मी कसाबसा टिकायचो आणि मग घसरून दादाच्या सुराला जाऊन चिकटायचो. की लगेच दादाचा गुडघा माझ्या मांडीत. त्या गाण्याचा शेवट मला आजही मांडीतूनच आठवतो.

"एकदा म्हणून घेऊ," दादा म्हणाला. "उद्यापासून मले बोलायलेच बंदी आहे."

वरचा सूर कोण धरणार? बायको म्हणाली, "मी धरते. तीस वर्षं ऐकून राहिली तुमचं ते. शब्द येत नाहीत, आ आ करीन." ती मनीषनगरच्या भजनी मंडळात आहे आणि तिचा आवाज माझ्यापेक्षा पक्का आहे, हे मी इथे फक्त लिहितो, घरात कबूल करत नाही.

पण सुरुवात होईना. दादा एक सूर लावी, मी भलताच. मनीषनगरात कुठली आली केंद्राची घरघर? शेवटी दादा उठला आणि त्यानं कुलर लावला. नवा खस, जुनी मोटर. घुंऽऽ. दादानं डोळे मिटले, कान तिकडे दिला आणि म्हणाला, "हं. हा चालते."

दुपारचे तीन वाजले होते. बाहेर चिटपाखरू नव्हतं. दादानं खालचा सूर लावला. खरखरीत होता, पण जागेवर. बायको वर गेली. मी मधे, दोन्ही हातांनी खुर्ची धरून. पहिली ओळ निभली. दुसरी निभली. आयुष्यात पहिल्यांदा मी तिसऱ्या ओळीपर्यंत माझ्या जागेवर होतो.

चौथ्या ओळीत दादाचा आवाज फुटला. आधी नुसती हवा आली, मग तीही नाही. त्याचे ओठ हलत होते, मान ताल देत होती. त्याला स्वतःला ते ऐकू आलं की नाही, मला अजून ठाऊक नाही. मी मधला सूर सोडला आणि खाली त्याच्या सुरावर जाऊन बसलो. जागा रिकामी राहिली नाही. तेवढ्यात त्याचा आवाज परत आला, आणि त्याबरोबर त्याचा गुडघा.

"घसरला!" दादा ओरडला. घसा जपायचा हे विसरून. "पन्नाशी उलटली तरी घसरूनच राहिला लेका! सुधरत नाहीस तू!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत तो हसला. मग चहा मागितला, गरम चालतो का ते स्वतःच फाईलमध्ये पाहिलं, आणि माझी लावलेली फाईल पुन्हा विस्कटली.

मी मांडी चोळत स्वयंपाकघरात गेलो. बायको आधण ठेवत होती. तिनं मागे वळून पाहिलं नाही.

"मुद्दाम घसरले का सवयीनं, ते मले नका सांगू," ती म्हणाली. "अन् दादांले तर मुळीच नका सांगू. आज त्यांनी तुम्हाले पकडलं, त्याच खुशीत जाऊ द्या त्यांले उद्या."