डिस्क गेली नव्हती

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये विंडोजवर चालणाऱ्या जुन्या कॉम्प्युटरवर मी लिनक्स ही दुसरी सिस्टीम टाकायला बसले, तर इन्स्टॉलरला हार्ड डिस्कच दिसेना. कॅबिनेट उचलून भंडाऱ्याला नेलं. दुरुस्तीवाला म्हणाला, "डिस्क गेली, मॅडम. नवीन घ्या लागते."

"गेली तं विंडोज कशी चालून राहिली?"

तो हसला. "तुम्ही कायले या भानगडीत पडता?"

मी कॅबिनेट परत आणलं. तीन दिवस बायोसमधली, म्हणजे कॉम्प्युटर सुरू होतानाच्या मेनूमधली, एकेक सेटिंग समजून घेतली. डिस्क 'रेड' मोडवर होती, तो मोड लिनक्सच्या इन्स्टॉलरला ओळखता येत नव्हता; ती साध्या 'एएचसीआय' मोडवर केली. इन्स्टॉलरच्या यादीत डिस्क लगेच दिसली.

नवरा म्हणाला, "विंडोज तरी राहू दे."

"काहून?" मी विचारलं. फोटो पेनड्राइव्हवर घेतले आणि अख्खी डिस्क पुसून लिनक्स टाकलं. त्यानंतर तीच डिस्क चार वर्षं चालली.