न्हाव्याने डोकं कुणाला द्यावं

त्यांना सगळे नाकवाले म्हणत. नाक तसं बेताचंच होतं. पण चौतीस वर्षं दुकानात येणाऱ्या प्रत्येक डोक्यावर ते मुरडून मुरडून त्याच्या दोन्ही बाजूंना अशा घड्या पडल्या होत्या, की इस्त्री फिरवली तरी जाऊ नयेत. दुकान दोन खुर्च्यांचं. एका खुर्चीवर भागीदार काम करायचा आणि गिऱ्हाइकाशी गप्पा हाणायचा. दुसऱ्या खुर्चीवर नाकवाले काम करायचे आणि श्वास रोखून धरायचे. वडिलांनी वस्तरा हातात दिला तेव्हा नाही म्हणायचं राहून गेलं, एवढाच काय तो दोष.

कोंडा, खपल्या, कानातून बाहेर डोकावणारे केस, मानेवरची घामाची काळी रेघ, खुर्चीत झोपून लाळ गाळणारे, ऐन वस्तरा गळ्याशी असताना शिंकणारे. रोज घरी येऊन नाकवाले कोपरापर्यंत हात धुवायचे आणि जेवताना बायकोला दिवसभराची डोकी सांगायचे.

"आज एकाच्या टाळूवर ना—"

"अहो, घास आहे तोंडात."

"ते माझ्या हातात होतं. तुझ्या नुसतं कानात आलं तर तुला कसंतरी होतंय?"

सगळ्या जगात एकच डोकं त्यांना पसंत होतं. स्वतःचं. साठीला टेकले तरी केस दाट, काळेभोर. वडील गेल्यापासून त्या डोक्याला परक्याचा हात लागला नव्हता. दोन आरसे समोरासमोर लावून ते स्वतःच कापायचे आणि मग कौतुकाने मागून बघत राहायचे.

नऊ वर्षं हजचा अर्ज भरला, नऊ वर्षं नंबर हुकला. दहाव्या वर्षी नवराबायको दोघांचाही लागला, तेव्हा नाकवाले दुकानात, गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस तसाच ठेवून, ढसाढसा रडले. ते रडणं खरं होतं. पुढे त्यांनी कितीही नाक मुरडलं तरी हे विसरू नये. "चौतीस वर्षं माणसांची घाण काढली," ते म्हणाले, "आता एकदा स्वच्छ होऊन त्याच्या दारात उभा राहीन."

मग शाळेच्या सभागृहात हजचे वर्ग सुरू झाले. शिकवणाऱ्या मौलवींना स्वतःच विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची सवय. "इहराम म्हणजे काय? न शिवलेली दोन पांढरी वस्त्रं. ती नेसली की काय बंद? अत्तर बंद. वासाचा साबण बंद. नखं काढणं बंद. केस कापणं बंद, उपटणं बंद. लक्षात आलं? नाही आलं." असं म्हणून ते सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचे.

नाकवाल्यांनी हात वर केला. "वासाचा साबण बंद, म्हणजे... सगळ्यांचाच?"

"सगळ्यांचाच."

"आणि तंबूत माणसं किती?"

"चाळीस. पन्नास. जागा असेल तितकी."

नाकवाल्यांचा हात वरच राहिला. बायकोने तो धरून खाली घेतला.

"आणि सगळ्यात अवघड काय?" मौलवी म्हणाले. "जीभ. हजमध्ये शिवी नाही, भांडण नाही, कुणाला टोचून बोलणं नाही. बोललात तर काय होतं? उन्हात फिरून आलात, एवढंच होतं. लक्षात आलं?"

या वेळी मात्र आलं. घर येईपर्यंत नाकवाले ते तिन्ही 'नाही' बोटांवर मोजत होते.

"केसांचं काही नाही, ते धीर धरतात," बायको दार उघडताना म्हणाली. "तुमच्या जिभेचं काय करायचं?"

"गिळीन."

"जपून. तुमची आहे, घशात अडकेल."

"नऊ वर्षं थांबलोय मी," नाकवाले म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला, की बायकोने पुढची थट्टा मागे घेतली. "एका शब्दापायी घालवणार नाही."

निघण्याआधी ज्याला ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची असते. बाकीचे लोक 'बोललं-चाललं माफ करा' म्हणून सगळ्यांना एकदम हात जोडतात. नाकवाल्यांना तसं मोघम काम जमेना. ते एकेकाच्या दारी गेले.

"तुमच्या डोक्याला मी ओलं पायपुसणं म्हणालो होतो," त्यांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याला सांगितलं. "माफ करा."

"मला? कधी?"

"तुम्ही उठून गेल्यावर. दर महिन्याला."

शिंप्याला आजवर हे ठाऊकच नव्हतं. त्याने सुई खाली ठेवली. "आणखी काही?"

"वासाबद्दलही बोललोय. पण ते राहू द्या."

"सांगा की आता. कशाला ठेवता?"

सांगितलं. शिंप्याने माफ केलं, पण कुणी उसने दात लावून हसावं तसा हसला. शाळामास्तरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "माफ केलं. मात्र यापुढे मी तुमच्या भागीदाराच्या खुर्चीवर बसेन." बायकोने कपाळावर हात मारून घेतला. "चौतीस वर्षांत दुखावली नसतील एवढी माणसं तुम्ही या आठवड्यात दुखावलीत!"

बॅग भरताना तिने वस्तऱ्याची पेटी आत ठेवली. नाकवाल्यांनी ती बाहेर काढली.

"अहो, शेवटी डोकं करावं लागतं ना?"

"तिथे न्हावी नाहीत? लाखोंची डोकी होतात. मला चाळीस दिवस हत्यार नको, केस नको, फेस नको. माझा हज आहे, दुकानाची शाखा नाही."

पेटी दुकानात परत गेली. दुसरा कुणीही असता तर नेली असती. ही चूक न्हाव्यालाच सुचू शकते.

तिकडे पोचल्यावर काबा पहिल्यांदा समोर आला तेव्हा नाकवाल्यांचं नाक सपाट झालं. घड्या गेल्या. बायकोने स्वतः पाहिलं. तिला क्षणभर हा आपलाच नवरा ना असं वाटलं. उमरा, म्हणजे हजआधीची छोटी यात्रा, झाल्यावर तिनेच कुणाची तरी छोटी कात्री मागून आणली आणि नियमापुरते त्यांचे केस कापून दिले. "हजला मात्र पूर्ण मुंडण," त्यांनी बजावलं. कारण मौलवींनी सांगितलं होतं, नुसते कापणाऱ्यासाठी पैगंबरांची दुआ एकदा आणि मुंडण करणाऱ्यासाठी तीनदा झालेली आहे. नाकवाले काही एकदावर भागवायला आले नव्हते.

मग हजचे दिवस लागले, इहराम पुन्हा अंगावर आला, आणि तंबू आला.

तंबूत अठ्ठेचाळीस माणसं. गाद्या अशा चिकटून, की शेजाऱ्याने कूस बदलली तर आपल्यालाही बदलावी लागे. नाकवाल्यांच्या डाव्या हाताला एक म्हातारे चाचा होते. प्रत्येक वाक्य ते "मी काय म्हणतो" असं सुरू करायचे आणि पुढे फारसं काही म्हणायचेच नाहीत. त्याऐवजी त्यांच्या आतून आवाज यायचे. सकाळी "ख्र्रर्र... ख्र्रर्र... आक्!" दुपारी ढेकर, एक लांब आणि त्याला जोडून दोन आखूड. चूळ भरायचे ती "खळ्ळ, खळ्ळ, खळ्ळ," आणि शेवटी थुंकल्याचा आवाज येण्याऐवजी "गुडूप!" बसल्या बसल्या पायांच्या बोटांमधून हाताचं बोट फिरवायचे, एकेका फटीतून, निवांत, आणि मग तोच हात खजुरांच्या डब्यात.

"मी काय म्हणतो... घ्या."

नाकवाल्यांनी एक खजूर घेतला. सगळा तंबू बघत होता. मूठ मिटून त्यांनी तो दोन तास धरून ठेवला.

न्हाणीघराच्या रांगेबद्दल नाकवाले कधी बोलले नाहीत, तेव्हा इथेही न बोललेलं बरं. एवढंच, की आत पाय ठेवायला जागा होती पण ठेववत नव्हता.

बायका शेजारच्या तंबूत होत्या. पाण्याच्या नळापाशी दोघांची गाठ पडे.

"अगं, तो चूळ गिळतो!"

"तुम्ही काही बोललात?"

"नाही."

"मग झालं तर."

"पण गिळतो, अगं!"

"गिळू दे ना. तुम्ही जीभ गिळताय, ते चूळ गिळतायत. दोघांचंही पोट भरतंय."

दुसऱ्या दिवशी मैदानात उभं राहून सगळे दुआ मागत होते. हजचा सगळ्यात मोठा दिवस. नाकवाल्यांनी हात पसरले, डोळे मिटले, आणि नेमके शब्द ओठांवर यायला लागले तसा खांद्याला ओलावा जाणवला. चाचा रडत होते. हुंदके देऊन, नाकाने वाहत, खरंखुरं. आणि डोळे-नाक पुसायला त्यांनी जे पांढरं टोक हाताशी आलं ते धरलं होतं. ते नाकवाल्यांच्या इहरामचं होतं.

"मी काय म्हणतो... माझ्यासाठीही मागा."

चिकट, ऊन ऊन ओल दंडावरून कोपरापर्यंत आली. नाकवाल्यांच्या घशात काहीतरी चढलं. शब्द होता की उलटी, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. दोन्ही एकदमच खाली ढकलून ते म्हणाले, "मागतो."

तिसऱ्या दिवशी सैतानाला खडे मारून झाले. दुपारी गटप्रमुख तंबूत ओरडला, "आपल्या सगळ्यांची कुर्बानी झाली! डोकी करा, आंघोळी करा. काबाच्या फेऱ्यांसाठी बस तासाभरात निघेल."

नाकवाले डोकं करायला निघाले. न्हाव्यांच्या गाळ्यांपुढची रांग पाहिली. संध्याकाळपर्यंत नंबर येणं शक्य नव्हतं. रस्त्याच्या कडेला मात्र काही हौशी लोक दगडावर बसवून डोकी करत होते. नाकवाले एकाजवळ गेले आणि त्यांच्यातला न्हावी जागा झाला. एकच पातं. एका डोक्यावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. मध्ये ते मांडीवर पुसलं जायचं. मगातलं पाणी गुलाबी झालेलं, वर केसांची साय. समोरच्या डोक्यावरची रक्ताची धार कानात शिरत होती आणि तो मनुष्य हसून मुबारक मुबारक म्हणत होता.

"या, बसा!" पातेवाला म्हणाला.

नाकवाले दोन्ही हात डोक्यावर घट्ट धरून तंबूकडे परत आले. जणू कुणी केस चोरायला मागे लागलं होतं.

बायको नळापाशी उभी होती. तिने बायकांना पुरते तेवढी, बोटाच्या पेराएवढी बट केव्हाच कापून टाकली होती. तिने त्यांच्या डोक्याकडे पाहिलं, रिकाम्या हातांकडे पाहिलं.

"बोलू का काही पेटीबद्दल?"

"नको."

"नाही, टोचून बोलायचं नसतं म्हणून विचारलं."

तंबूत चाचा गादीवर काहीतरी उलगडत बसले होते. नवाकोरा वस्तरा, दांडीत पातं बसवायचा. पात्यांची पुडी, अजून न फोडलेली. सुनेने बांधून दिला होता. नाकवाल्यांना वाटलं, सोनं दिसलं असतं तरी डोळे असे फिरले नसते.

"चाचा, हा... मला मिळेल?"

"मी काय म्हणतो," चाचा म्हणाले, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा पुढे अख्खी दोन वाक्यं म्हणाले. "आधी माझं करा. मग देतो."

नाकवाल्यांनी बाह्या सावरायला हात नेला. इहरामला बाह्या नव्हत्या. चाचांचं डोकं त्यांच्यासमोर आलं. चौतीस वर्षांत असं आलं नव्हतं. टाळूवर पांढऱ्या खपल्यांचे थर, त्यात मैदानाची धूळ, मागे एक पिकलेली पुळी, पिवळ्या टोकाची. पाणी लावल्यावर आंबलेल्या पिठासारखा वास उठला. किळस आली, ती शेवटपर्यंत गेली नाही. फक्त हात थांबले नाहीत. पुळीला पातं न लावता भोवतीने गोल घेतला, एक ओरखडा नाही, आणि चाचा मधूनच झोपले तेव्हा हनुवटीखाली हात धरला, तर त्यात लाळ आली.

"झालं, चाचा. द्या आता इकडे."

चाचांनी टक्कल चोळलं, खूश झाले, नवं पातं चढवलं आणि वस्तरा स्वतःच्याच हातात ठेवला. "बसा."

"नको, मी माझं मी—"

"मागचं कसं दिसणार? आरसा कुठाय?"

आरसा खरंच नव्हता. न्हाणीघरापाशी एक होता, त्याच्यासमोर माणसांवर माणसं.

"याआधी कुणाचं केलंय?"

"शेकड्यांनी!"

"न्हावी होतात?"

"मेंढरं होती."

तंबूत कुणीतरी खुदकन हसलं. नाकवाल्यांच्या तोंडात तीन दिवसांचे शब्द साठलेले होते, एकाहून एक धारदार. बस निघायला पंधरा मिनिटं होती. ते गादीवर बसले आणि त्यांनी मान खाली घातली.

चाचांनी सवयीप्रमाणे एक गुडघा त्यांच्या खांद्यावर रोवला. केसांचे काळे पुंजके मांडीवर पडू लागले. एकदा कापलं, दोनदा कापलं. मध्ये चाचा शिंकले. टाळूवर काहीतरी पडलं आणि चाचांनी ते बोटाने पसरून टाकलं. कुठलं बोट, ते नाकवाल्यांना माहीत होतं.

"मी काय म्हणतो, तुम्ही हलत नाही. गुणी आहात."

तिसऱ्यांदा कापलं.

"झालं!" चाचांनी वस्तरा उंच धरला. पहिलं पोर झालेल्या बापासारखं तोंड झालं होतं त्यांचं. "कसं झालंय? तुम्ही यातले. खरं सांगा."

तंबूतली डोकी वळली. बाकी सगळ्यांना कळलं होतं, की आता काहीतरी ऐकायला मिळणार. नाकवाल्यांनी तळहात डोक्यावरून फिरवला. रक्त. एक पट्टा राहिलेला. उजव्या कानामागे एक अख्खं झुडूप. शब्द वर आले, दातांपर्यंत आले. ओठ उघडले.

"कानामागे राहिलेत थोडे," नाकवाले म्हणाले. "तेही घ्या."

चाचांनी बोटांना थुंकी लावली आणि कान पुढे ओढला. नाकवाल्यांनी डोळे मिटले आणि मान आणखी खाली घातली.