हार घातलेला फोटो

सकाळी ह्यांचं तोंड पुसलं, कूस बदलली, चादर बदलली की मला अर्धा तास बसायला मिळतो. तेव्हा मी ह्यांचा मोबाईल उघडते आणि ह्यांच्या शाळेच्या ग्रुपवर काय काय आलं ते वाचून दाखवते. दोन वर्षांपासून असंच चाललंय. लकव्यानं ह्यांचा उजवा हात-पाय गेला आणि बोलणं गेलं. ऐकू येतं, समजतं सगळं. तोंडातून निघतो फक्त एक आवाज, ‘आ’ सारखा.

ग्रुप दहावीच्या वर्गाचा आहे. मी चौथीपर्यंत शिकलेली. हे ज्या हायस्कुलात शिकले त्याची पायरीही मी कधी चढले नाही. पण त्या वर्गात कोणाला नात झाली, कोणाचा गुडघा बदलला, कोणाच्या शेतात कापूस वेचायला बाया मिळेनात, हे आता मला ह्यांच्या आधी कळतं.

ह्यांना लकवा झाला हे मात्र ग्रुपवर कोणालाच माहीत नव्हतं. शाळेत ह्यांचा आवाज नावाजलेला होता. पुढे मारेगावला कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर लागले, तिथेही रांगेतल्या शेवटच्या गाडीवाल्याला ह्यांनी पुकारलेला नंबर ऐकू जायचा. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा मी विचारलं होतं, ग्रुपवर सांगू का म्हणून. ह्यांचा डावा हात हलला. नाही म्हणायचं असलं की तो हात हलतो. म्हणून मी काही लिहिलं नाही. कोणी काही पाठवलं की ह्यांच्या नावानं जोडलेल्या हातांचं चित्र पाठवून द्यायची. वाढदिवस असो, बारसं असो की मौत असो, जोडलेले हात. कोणाला शंका आली नाही. एकानं तेवढं लिहिलं, ‘हा आजकाल लय साधू झाला बुवा.’

मग दिवाळीनंतर त्यांनी सगळ्यांनी शाळेत जमायचं ठरवलं. तेव्हापासून रोज ह्यांचं नाव निघायला लागलं. वणीचे एक आहेत, त्यांचे ट्रक चालतात कोळशाचे. ते लिहायचे, ‘माईक सांगू नका रे कोणी. आपला माईक येऊनच राह्यला.’ मी हात जोडायची. ‘हात नको जोडू बे, येतो म्हण.’ मी परत हात जोडायची. मी थकून गेले होते. खोटं बोलत नव्हते, पण खरंही सांगत नव्हते, आणि दोन्ही कामं मलाच करावी लागत होती.

एका सकाळी मी ह्यांना म्हटलं, “आता सांगून टाकते. ते खुर्ची मांडून वाट पाहतील तुमची.” ह्यांनी तोंड भिंतीकडे केलं. पण हात हलला नाही. मी तो होकार समजले.

शिकलेल्या माणसांना काय लिहावं ते सुचेना. लेकीनं मोबाईलवर लिहायला शिकवलंय, पण एक ओळ लिहायला मला पाव तास लागतो. म्हटलं, आधी फोटो पाठवू, मग सावकाश लिहू. मोबाईलमध्ये ह्यांचा चांगला फोटो एकच आहे. जिनिंगमधून निवृत्त झाले त्या दिवशीचा, खांद्यावर शाल आणि गळ्यात शेवंतीचा जाड हार. चेहरा सरळ असलेला तो शेवटचा फोटो. तो पाठवला आणि खाली लिहायला घेतलं. तेवढ्यात ह्यांनी आवाज दिला. पाहते तर चादर भिजलेली. मोबाईल खिडकीत ठेवला. पाणी तापवलं, ह्यांना पुसून काढलं, चादर धुवून दोरीवर टाकली. तासभर गेला. तेवढ्या वेळात दोनदा फोन वाजला, पण ह्यांच्या नावानं आलेला फोन मी कधी उचलत नाही.

परत मोबाईल पाहिला तर सगळीकडे ‘भावपूर्ण श्रद्धांजली’. मला आधी वाटलं, दुसरंच कोणी गेलं. मग माझ्या लक्षात आलं. हार घातलेला फोटो, खाली एक अक्षर नाही. आपल्याकडे असा फोटो आला की कोणी विचारत बसत नाही. एकानं लिहिलं होतं, ‘फोन लावला, उचलत नाहीत.’ दुसऱ्यानं त्याला समजावलं होतं, ‘घरात गर्दी असन. आता नको त्रास देऊ.’

तेव्हाच लिहायला हवं होतं. मी लिहिलं नाही. कारण श्रद्धांजलीच्या खाली लोक आठवणी लिहीत होते, आणि मी त्या वाचत बसले.

मी ह्यांच्याजवळ जाऊन म्हटलं, “एक चूक झाली माझ्या हातून. पण आधी ऐका.” आणि वाचायला लागले. महागावला एकांचं बी-बियाण्याचं दुकान आहे. त्यांनी लिहिलं होतं, झेंडावंदनाला हा ‘सावधान’ म्हणायचा तर रस्त्यापलीकडे वखर हाकणाऱ्या माणसाचे बैल उभे राहायचे, आणि ‘विश्राम’ म्हटल्याशिवाय निघायचे नाहीत. एक बाई नागपूरला शिक्षिका होत्या. शाळेत त्या भाषणात मधेच अडकल्या तेव्हा ह्यांनी पडद्यामागून पुढची ओळ हळूच सांगितली होती. इतकी हळू, की सगळ्या सभागृहानं टाळ्या वाजवल्या. वणीवाल्यांनी लिहिलं होतं, ‘आम्ही चौघं नदीवर पोहाले जाओ आणि हा वर्गात चार आवाज काढून चौघायची हजेरी देये. एक दिवस सरांनी मुद्दाम शाळा सोडून गेलेल्या पोराचं नाव घेतलं. यानं त्याचीही हजेरी देली.’

ह्यांचं अर्धं तोंड हसत होतं. दुसऱ्या अर्ध्यावरून पाणी गळत होतं, मी ते पदरानं पुसत होते आणि वाचत होते. दोन वर्षांत ह्यांच्याबद्दल एवढं कोणी बोललं नव्हतं. अजून थोडं येऊ दे, मग सांगू, असं मला वाटत राहिलं. वणीवाल्यांची आणखी एक ओळ होती. ती मी मनातच वाचली. ‘लग्न झाल्यावर हा म्हणे, बायको बोलतच नाही बे. पण माह्यं बोलणं कोणी पूर्ण ऐकलं असन तर तिनंच.’

त्याच्या खाली त्यांचंच होतं, ‘आम्ही दोघं निघालो. मौत किती वाजता निघते ते कळवा.’

लिहायला वेळ नव्हता. लेकीनं बोलून पाठवायचं बटण दाखवलं होतं, ते दाबलं. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर बोलले. “मी ह्यांची घरवाली बोलून राह्यली. हे आहेत. जिवंत आहेत. फोटो निवृत्तीचा होता. लकवा झाला, बोलता येत नाही, म्हणून मीच हात जोडत होती. माफ करा मले.” मागून ह्यांचा ‘आ’ आला. तोही त्यात गेला.

वणीवाले गाडी चालवत होते. वाटेत त्या दोघांनी मोबाईल पाहिलाच नाही. दारात आले तेव्हा दोघांनीही मान खाली घातलेली, हातात पिशवी. महागाववाले सोबत होते, कामानं वणीला आले होते म्हणे. चपला काढून वणीवाले म्हणाले, “कसं झालं हो वहिनी अचानक?”

“आहेत,” मी म्हटलं. आत बोट दाखवलं.

ते आत गेले आणि खाटेशी उभेच राहिले. हे त्यांच्याकडे पाहत होते. मग वणीवाले हळूच खाली बसले.

“अबे,” ते म्हणाले, “मी रस्ताभर रडत आलो तुह्यापायी.”

“आ,” हे म्हणाले.

“मेलेल्याची हजेरी देतं का बे अजून?” महागाववाले म्हणाले. तिघंही हसायला लागले. ह्यांना ठसका लागला, मी धावले, पाठ चोळली.

पिशवीत हार होता. ह्यांनी डावा हात आपल्या गळ्याकडे नेला, घाला म्हणून. मी म्हटलं, “नाही, ते नका करू भाऊजी.” वणीवाल्यांना काय करावं कळेना. शेवटी त्यांनी तो दाराच्या चौकटीला बांधला, दसऱ्याला बांधतात तसा. चहा झाला. सावली लांब झाल्यावर ते गेले. येत जाऊ, म्हणाले. पाहू.

ते गेल्यावर ह्यांनी मोबाईलकडे बोट केलं. परत वाच, असं. मी उघडला. ओळीनं एकच वाक्य होतं, ‘हा मेसेज हटवला आहे. हा मेसेज हटवला आहे.’ जिवंत माणसाला श्रद्धांजली दिली म्हणून लाजून सगळ्यांनी आपापलं पुसून टाकलं होतं, आणि त्यासोबत बैल, हजेरी, ती टाळ्यांची गोष्ट, सगळं गेलं होतं. खाली ‘लवकर बरे व्हा’ आणि फुलं.

हे वाट पाहत होते. मी मोबाईल डोळ्यांसमोर धरला आणि जे आठवलं ते वाचल्यासारखं म्हणत गेले. बैलांपाशी अडखळले. वखर होतं की तिफण, आठवेना. ह्यांचा हात हलला. मी परत म्हटलं, वखर. हात थांबला.

दुसऱ्या दिवसापासून मी लेकीच्या जुन्या वहीत हे लिहायला घेतलं. चादर वाळत असते तेवढ्या वेळात दोन-चार ओळी होतात. माझं अक्षर चौथीतल्यासारखंच आहे. हार दारावर वाळून गेला, काढायचा राहिलाय. ह्यांना रोज वाचून दाखवते. आज वणीवाल्यांची ती ओळही वाचली, मनात ठेवलेली. हे बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. हात हलला नाही.